पिवळी फुली

नवा टॉर्च हातात आला की साहेब तो आधी दातांत धरून पाहत. डोळे मिटलेले, मान हळूहळू डावीउजवीकडे वळणारी, आणि चेहऱ्यावर कडू काढा चाखणाऱ्या वैद्याची नाराजी. रात्री फोटो काढणाऱ्याचे दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले असतात, तेव्हा टॉर्च तोंडात मावला पाहिजे, हे त्यांचे पहिले कलम. सायकल चालवणाऱ्याची मूठ हँडलवरून सुटता कामा नये, तेव्हा बटण न बघता अंगठ्याला सापडले पाहिजे, हे दुसरे. कलमे वाढत गेली आणि टॉर्च एकेक करून गळत गेले. मलाही त्यांनी टॉर्च चाखायला शिकवले होते. ॲल्युमिनियमची ती थंड, किंचित आंबट चव, भांड्यात ताक राहून गेल्यासारखी, अजून कधीकधी अवेळी जिभेवर येते. ती आली की पाठोपाठ आमच्या घरातल्या खाटेची करकर ऐकू येते.

ते पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये तपासनीस होते. तयार झालेले रूळ थंड होऊन त्यांच्या नजरेखालून जात. ज्यात केसाएवढी भेग किंवा सुईच्या टोकाएवढा खड्डा दिसे, त्यावर ते पिवळ्या ऑइलपेंटच्या पेनाने फुली मारत. माझे बाबा त्याच मिलमध्ये ठेकेदाराच्या माणसांत होते. फुली मारलेले रूळ बाजूला लावणे हे त्यांचे काम. तिथला एक नियम बाबा आम्हाला घरी पोथीतल्या ओवीसारखा ऐकवत: फुली मारलेला माल लाइनवर जात नाही. "त्या रुळावरून माणसं जातेत," ते म्हणत. "एक फुली चुकली तं गाडीच खाली." आमच्या घरात देवाच्या फोटोला हात जोडले जात, पण बाबांचा खरा विश्वास त्या पिवळ्या पेनावर होता.

साहेब सेक्टर ६ मधल्या क्वार्टरमध्ये एकटे राहत. सगळे टाउनशिप स्कूटरवर गेले तरी ते सायकलवरच राहिले. लग्न केले नव्हते. एकदा आईने बाबांना विचारले, "टॉर्च निवडाले ज्याले इतके दिवस लागतेत, त्यानं बायको कावून नाही केली?"

"पाहिल्या होत्या म्हणतेत," बाबा गंभीरपणे म्हणाले. "एकही पास नाही झाली."

"बरं झालं माय! सुटल्या बिचाऱ्या. नाहीतं कपाळावर कुंकवाच्या जागी फुली घेऊन फिरल्या असत्या."

त्यांच्या घरी बसायला खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर टॉर्च असत. गव्हाच्या डब्यात टॉर्च, फ्रिजमध्ये वांग्यांशेजारी टॉर्च, बादलीच्या तळाशी पाण्यात पेटता ठेवलेला टॉर्च. मागच्या अंगणाची भिंत त्यांनी स्वतः चुन्याने पांढरी केली होती. तिन्हीसांजेला तिच्यावर उजेड पाडून ते तासभर त्यातले दोष शोधत. आम्हाला जो नुसता गोल दिसे, त्यात त्यांना मधला पांढरा डाग, भोवतीची काळी कडा, कडेबाहेरची हिरवट साय असे सगळे दिसे. "पाह्य, अंड्यावानी आहे," ते म्हणत, "बलक अलग, पांढरं अलग. असा उजेड कोणाले पाह्यजे?" मग खिशातून पेन निघे. टॉर्चच्या बुडावर एक तिरकी रेघ, तिच्यावर दुसरी. फुली वाळेपर्यंत ते फुंकर घालत.

त्यांचे एक वाक्य मला त्या काळी शहाणपणाचे वाटे: "एका माणसाले एकच टॉर्च पाह्यजे. दोन असले का एकही वेळेवर सापडत नाही." एकच, मुठीत मावणारा, आणि तोच फोटोलाही चालणारा, तोच सायकललाही. खरे तर हे दोन उजेड एकमेकांचे वैरी. फोटोला पसरट, मऊ, जरा पिवळसर उजेड लागतो, हळद लागल्यासारखा. सायकलला लांब जाणारा, जमिनीलगतचा, समोरच्याच्या डोळ्यांत न घुसणारा हवा. जगातला एकच टॉर्च ही दोन्ही कामे करील आणि तो आपल्याला सापडेल, अशी त्यांची श्रद्धा होती. माणसाने निरुपद्रवी श्रद्धा बाळगावी. मात्र तिच्यासाठी दुसऱ्याला अंधारात उभे करू नये.

मी त्यांच्याकडे जाऊ लागले ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी. त्यांना फोटोसाठी टॉर्च धरणारे माणूस हवे होते आणि बाबा मिलमध्ये म्हणून आले, "माही पोरगी येईन जी, साहेब. नजर चांगली आहे तिची." आईने अट घातली की बापाने सोबत जायचे. म्हणून बाबांना दिवसपाळी असेल तेव्हाच, अंधार पडता पडता आम्ही निघत असू: पुढे साहेब, मागे बाबा, मध्ये मी, तिघे तीन सायकलींवर. आमच्या वस्तीच्या, कोहक्याच्या पलीकडे एका तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मोहाचे जुने झाड होते. ते त्याच झाडाचा फोटो वर्षानुवर्षे काढत होते. पानगळीतला, फुलोऱ्यातला, पोपटी पालवीतला. हा झाला एकदाचा, असे त्यांच्या तोंडून कधी आले नाही.

कॅमेरा तिकाटण्यावर लावून ते झडप अर्धा मिनिट उघडी ठेवत. तेवढ्या वेळात मी अंधारात धावत जाऊन टॉर्चच्या उजेडाने झाड रंगवायचे: बुंधा खालून वर, फांद्या आतून बाहेर. "चुना मारतेत तसा मार वं," ते तिकडून ओरडत. "एका जागी कावून थांबली? झाड आहे ते, आरसा नोहे!" मोहाच्या फुलांचा गोडसर, आंबत चाललेला वास, पायाखाली चिखलाचा गारवा, हातात तापत जाणारी धातूची नळी. मधेच प्लांटमध्ये वितळलेला स्लॅग, भट्टीतला लोखंडाचा मळ, ओतला जाई आणि क्षितिज जास्वंदीसारखे लाल होऊन उमलत असे. मला ते दृश्य इतके सुंदर वाटे की मी हातातले काम विसरे. ते मात्र कपाळावर हात मारून घेत. "झालं! सांडली आग! खराब केला माहा अंधार!"

बाबा पाळीवर बिडी ओढत बसत आणि गालातल्या गालात हसत. मी त्या सगळ्या फोटोंत आहे आणि कुठेच दिसत नाही, कारण हलणारे माणूस अशा फोटोत उमटत नाही. फक्त त्याने टाकलेला उजेड उमटतो. हे मला साहेबांनी समजावले तेव्हा मी किती हरखले होते! विसाव्या वर्षी न दिसण्याचेही कौतुक वाटते.

बाबांच्या सायकलसाठी एक छोटा काळा टॉर्च मी आणला. टाउनशिपच्या हद्दीत रस्त्याला दिवे होते. आमच्या कोहक्याच्या बाजूला वळले की दिवे संपत आणि घरापर्यंतचा रस्ता बाबा आठवणीने चालवत. कुठे खड्डा, कुठे नाली, कुठे कोणाची गिट्टी पडलेली, सगळे पाठ. रात्रपाळीला जाताना आई दारात उभी राहून त्यांच्या घंटीचा आवाज विरेपर्यंत ऐकत असे. टॉर्च आणल्यावर बाबांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून तो हँडलला बांधला आणि गल्लीत दोन फेऱ्या मारून आले. "राजावानी वाटून राहिलं," म्हणाले. त्या रात्रीपासून आई घंटी विरायची वाट न बघता आत येऊ लागली.

पंधरा दिवस झाले असतील. एका संध्याकाळी तळ्यावर साहेबांचा टॉर्च मालवत आला. बाबांनी आपण होऊन हँडलचा टॉर्च सोडून मला दिला. मी झाड रंगवले. साहेबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र पाहिले आणि पडदा आमच्याकडे वळवला. मी जिथून उजेड ओढत नेला होता तिथे रेघ नव्हती. धावदोरा घातल्यासारखे तुटक टाके होते. आणि पानांचा रंग निळसर, थंडीने काकडलेल्या नखांसारखा.

"उघडझाप करते हा," ते म्हणाले. "तुमाले दिसत नाही, इतक्या वेगानं करते. पण करते. खोटा आहे." पेन निघाले. रेघ, तिच्यावर रेघ, फुंकर.

"काका, हा बाबांच्या सायकलचा आहे," मी साहेबांना म्हणाले.

"तं काय झालं? रिजेक्ट तं रिजेक्ट. आठ दिवस थांबा, भाऊ. मीच निवडून देतो तुमाले. असा देईन का पोरीच्या पोराले पुरंन."

बाबांनी टॉर्च परत मागितला नाही. मागणे त्यांना सुचलेच नाही. "तुमच्याच ताब्यात राहू द्या जी," ते म्हणाले, मिलमध्ये रिजेक्ट माल तपासनिसाच्या ताब्यात राहतो म्हणून. आणि मी? मी म्हणाले, "खरंच बाबा, वाईटच आहे तो. पानं पाहा ना कशी दिसून राहिली."

घरी आल्यावर हेच वाक्य मी आईला ऐकवले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पानं पाह्याले जाते का वं तुहा बाप ड्यूटीवर?"

आठ दिवसांचे दोन महिने झाले. टॉर्च येत होते, जात होते. एकाचा उजेड चांगला, पण बटण दाबले की मंद आणि तेज यांच्या मध्ये चमचम लागे. दुसऱ्याचे सगळे ठीक, पण तो टेबलावर ठेवला की घरंगळे. तिसरा दातांत धरला की लाळ सुटे. बाबांना दुसरा एखादा घ्या म्हटले तर ते मान हलवत. "साहेबानं थांबा म्हटलं आहे. मधेच घेतला तं त्यायले काय वाटन?" आई म्हणे, "त्यायच्या घरासमोर खांबाले दिवा आहे जी. त्यायले काय घाई?" हे आईला त्याच आठवड्यात कळले होते. मला कळायला बाबांचे खुब्याचे हाड मोडावे लागले. मी त्या दोन महिन्यांत साहेबांच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहून मलाही आता काळी कडा दिसते म्हणून मिरवत होते. दोन टॉर्चवरच्या फुल्या त्यांनी मला मारू दिल्या होत्या.

पावसाळ्यात आमच्याकडची गुरे रात्री डांबरी रस्त्यावर येऊन बसतात. तेवढीच जागा कोरडी आणि उबदार. बाबांना सारे खड्डे पाठ होते, पण गाय पाठ करता येत नाही. काळी होती. पाठीवर पावसाचे पाणी, वर ढग, रस्ताही काळा. बाबा तिच्यावरून पुढे जाऊन पडले. रात्रपाळीला निघालेल्या दुसऱ्या कोणाच्या मोटरसायकलच्या दिव्यात ते सापडले तोवर गाय उठून बाजूला उभी राहून त्यांना हुंगत होती. शुद्धीवर आल्यावर बाबांनी आधी विचारले, "गायीले तं लागलं नाही ना?"

हाड सांधले, पण पाय दोन बोटे आखूड झाला. मिल सुटली. सायकल गेली. आईने डबे करायला घेतले आणि आमच्या घरात पहाटे चारला फोडणीचा वास येऊ लागला.

बाबा दवाखान्यातून घरी आले त्याच्या चौथ्या दिवशी साहेब आले. दारात सायकल लावली, घंटी उगाचच एकदा वाजवली आणि खिशातून टॉर्च काढला. राखाडी, बोटभर जाडीचा, कडांना गोलाई असलेला. बुडाशी फुली नव्हती. "हा पास आहे, भाऊ," ते म्हणाले.

आई चुलीजवळून उठून आली. "आता कायले जी? आता तं यायले खाटेवरून संडासापर्यंतच जायचं आहे."

साहेबांचा हात पुढे होता तसाच राहिला. बाबांनी मात्र तो टॉर्च दोन्ही हातांनी, प्रसादासारखा घेतला. "तिचं मनावर नका घेऊ, साहेब. तुमची काय चूक? माल खराब होता तं होता. तो असता तरी काय दिसणार होतं त्यात? खोटाच उजेड."

पुढे दहा-अकरा वर्षे बाबा याच वाक्यावर जगले, हे मी बोलून दाखवले नाही तरी आम्हा तिघांना माहीत होते. कोणी पायाबद्दल हळहळले की ते म्हणत, टॉर्च होता, पण रिजेक्ट होता. असूनही उपयोग नव्हता. म्हणजे जे झाले ते होणारच होते. त्यांच्या आखूड पायाला त्या वाक्याचा आधार होता. काठी नंतर आली. आणि तो राखाडी टॉर्च? तो उत्तम होता. एकदा बॅटरी बदलली, बाकी काही नाही. भिंतीवर पाडला तर उजेड शेवटपर्यंत एकसारखा, ना डाग, ना कडा, पिकल्या पेरूच्या गरासारखा. तो एकदाही बिघडला नाही. बिघडावा म्हणून मी वाट पाहिली.

साहेब निवृत्त होऊन टाउनशिपबाहेर स्मृती नगरात राहायला गेले. मी त्यांच्याकडे जाणे केव्हाच सोडले होते. एकदा मात्र गेले, तेही एवढे विचारायला: तो काळा टॉर्च असता तर गाय दिसली असती का? मला त्यांच्या तोंडून 'नाही' ऐकायचे होते की 'हो', हे आजही सांगता येणार नाही.

ते वाळले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. प्रश्न ऐकून त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. कपाटाच्या खालच्या खणातून तो टॉर्च काढला. पिवळी फुली जशीच्या तशी होती. बॅटरी काढून ठेवलेली होती. ती त्यांनी चार्जिंगला लावली आणि अंधार पडेपर्यंत आम्ही समोरासमोर बसून राहिलो. चहा झाला. मग त्यांनी खुंटीवरचा काळा रेनकोट घेतला आणि मला घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर नेले. रेनकोटात वर्तमानपत्रे कोंबून त्याचा बसल्या गुराएवढा ढीग केला. वर तांब्यातले पाणी शिंपडले. मला त्या क्षणी त्यांचा इतका तिरस्कार वाटला, आणि तरी मी टॉर्च घेऊन मागे मागे पावले मोजत गेले.

"दहा," मी म्हणाले.

"दिसून राहिली?"

"दिसते."

वीस. दिसते. तीस पावलांवर त्या निळसर, खोट्या उजेडात ओला रेनकोट चमकत होता. गायीची पाठ चमकली असती तसा.

"माह्या डोळ्यायचं सोड," ते ढिगाजवळून म्हणाले. "तुले साफ दिसते ना?"

"साफ."

"तीस पावलं म्हणजे पुष्कळ झाले. सायकलले दहा पुरतेत." ते खाली वाकून वर्तमानपत्रे काढू लागले. मग मोजपट्टीवरचा आकडा वाचावा तशा आवाजात म्हणाले, "दिसली असती."

"मग ही फुली, काका?"

"फुली फोटोची होती." ते रेनकोटाची घडी घालू लागले. "रस्त्यासाठी मी तो तपासलाच नाही वं. एका तपासणीची फुली मी दुसरीले लावली. मिलमध्ये असं कोण्या पोऱ्यानं केलं असतं तं उभा नसता राहू दिला मी त्याले." घडी झाली होती, ती त्यांनी पुन्हा मोडली. "तू भाऊले सांगशील. माही फुली चुकली म्हणून सांग. मले त्यायच्यासमोर बोलवत नाही. ते काय म्हणतेत ते मले येऊन सांगशील. शिव्या देतीन तं शिव्या सांग."

मी हो म्हणाले.

घरी आले तेव्हा बाबा खाटेवर उठून बसलेले होते. "काय म्हणत होते साहेब? बरे आहेत ना? माही आठवण काढली का?"

आई दाराशी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"काढली," मी म्हणाले. "तो जुना टॉर्च होता त्यांच्याकडे. लावून पाहिला आम्ही. म्हणाले, भाऊले सांग, यात गाय दिसली नसतीच."

बाबांनी डोळे मिटून श्वास सोडला. "मी म्हणतच होतो," ते आईकडे वळून म्हणाले. "म्हणत होतो का नाही?" आईने माझ्याकडे पाहिले. तिला कळले होते. ती पुन्हा तांदळातले खडे वेचू लागली.

साहेबांचा फोन महिन्याभराने आला. "सांगितलं ना भाऊले?" हो, म्हटले. "काही म्हणाले का?" मी म्हणाले, "नाही. काहीच नाही म्हणाले." फोनमध्ये त्यांचा श्वास घरघरत होता. पुन्हा एकदा, होळीच्या सुमारास, तोच प्रश्न. तेच उत्तर. बाबांवरची दया आणि साहेबांवरचा सूड मी एकाच खोट्यात भागवत होते. एका माणसाले एकच टॉर्च, तसे. तिसऱ्यांदा फोन आला तो त्यांच्या पुतण्याचा, ते गेल्याचा.

बाबा हट्टाने अंत्यविधीला आले. काठी टेकत, घामाघूम होत, शेवटपर्यंत उभे राहिले. परतलो तेव्हा अंधारले होते आणि आमच्या गल्लीतली वीज गेलेली होती. मी कुलपापाशी किल्ली चाचपडत होते. मागे बाबांनी खिशातून तो राखाडी टॉर्च काढला. बटण त्यांच्या अंगठ्याला न बघता सापडले.

"जिंदगीत एकही फुली चुकली नाही त्या माणसाची," ते म्हणाले आणि उजेड कुलपावर धरला. "दिसते का वं?"

डाग नसलेला, कडा नसलेला तो उजेड माझ्या हातांवर पसरला होता.

"दिसते, बाबा," मी म्हणाले.